पडद्यामागून पाहिलेला नाच

आम्ही गाव सोडलं तेव्हा केवळामावशीच्या पायात काही नव्हतं. चपला घालून गावातून चालायची आम्हाला मुभा नव्हती, आणि घुंगरं तिनं आदल्या संध्याकाळी सगळ्या गावासमोर सोडली होती. ती लुगड्याच्या धडप्यात बांधून तिनं माझ्या डोक्यावर दिली होती. मी नऊ वर्षांची. मी रांगत असतानाच आई गेली, तेव्हापासून मावशीच माझी आई. येडशीचं स्टेशन दोन कोसांवर. ज्वारी काढून झाली होती, रानात नुसती धसकटं उभी होती, आणि मावशीनं चांगली गाडीवाट सोडून त्या धसकटांतून वाट धरली. "रस्त्यानं गेलं की मानसं इचारत्यात," ती म्हणाली. "कुनाकुनाला सांगू?" डोक्यावरचं गाठोडं हललं की घुंगरं वाजायची. दर वेळी ती मागं वळून म्हणायची, "मंजे, नीट धर. वाजू देऊ नगंस." ज्यांच्या आवाजावर आमचं पोट भरलं ती घुंगरं चोरीच्या मालासारखी न्यायची होती. त्याचा राग मला आजही येतो.

बाळासाहेब, हे मी तुम्हाला लिहिते आहे. गेल्या महिन्यात तुम्ही गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकलात, आणि मग मला वेगळा फोनही केलात. गावात नवा रंगमंच बांधायचा आहे, त्याला मावशीचं नाव द्यायचं ठरलं आहे. सोबत नकाशाची पीडीएफ. मावशींचा एक चांगला फोटो पाठवा, दोन पानं आठवणी लिहून पाठवा, उद्घाटनाला या, सोलापूरला गाडी पाठवतो. "तुम्ही आमच्या गावच्या लेक, आजी." तुम्ही फार गोड बोलता. आवाज मात्र थेट तुमच्या आजोबांचा. ग्रुपवर लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. पुण्याला गेलेले, दुबईला गेलेले, कुणाकुणाचे नातू, सगळ्यांना एकदम अभिमान वाटायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवला, तांब्याभर पाणी प्यायले आणि वही काढली. आठवणी हव्यात ना? घ्या.

निजामाच्या राज्याची शेवटची काही वर्षं उरली होती. आपल्या गावात पहिल्यांदाच तंबूतला सिनेमा आला. आणणारा बाबूमियाँ, धाराशिवचा. त्याचे वाडवडील अत्तर विकायचे, यानं सिनेमाचं यंत्र घेतलं. दोन बैलगाड्या, एक तंबू, एक धडधडणारं इंजिन आणि पिक्चरचे पत्र्याचे डबे. डबे रेल्वेनं येडशीला यायचे. त्या खेपेला त्यानं मारामारीचा पिक्चर मागवला होता, आणि डबे उघडले तर आत फ्रान्समधला नाचगाण्यांचा विनोदी पिक्चर. कुणाची चूक ते देव जाणे. तंबू उभा राहिला होता, दवंडी पिटून झाली होती. बाबूमियाँनं तोच लावला, आणि पडद्याच्या कडेला काठी घेऊन स्वतः गोष्ट सांगायला उभा राहिला.

ती भाषा त्यालाही येत नव्हती. पण गोष्ट कळायला भाषा लागतच नव्हती. बारा पोरींची नाचाची पार्टी आणि त्यांचा एक लठ्ठ मालक. परगावी खेळ करायला निघतात. माणसं एका गाडीत आणि कपड्यांच्या पेट्या दुसऱ्या गाडीत. पेट्या भलत्याच गावाला जातात. मग या पोरी जिथं उतरल्या त्या घरचे पडदे काढून त्यांचे झगे शिवतात. खेळ रंगात येतो, तर पहिल्या रांगेत बसलेली त्या गावच्या पुढाऱ्याची बायको आपले पडदे ओळखते. बाबूमियाँ ओरडायचा, "देखो भाई! पेट्या गये लातूरकू, आन पोरी उतरे येडशीकू!" अख्खा तंबू हसून लोळायचा. शेवटी मात्र चिडीचूप. त्यांच्यातली मोठी नाचणारीण जिन्याच्या सात पायऱ्या नाचत उतरायची. प्रत्येक पायरीवर एक पाय कपाळापर्यंत उंच, मग गिरकी, मग पुढची पायरी.

तुमच्या घरच्या बायका कनातीच्या आड बसून ते बघायच्या. त्या नाचणाऱ्या मेमच्या मांड्या उघड्या दिसत होत्या, आणि या म्हणायच्या, "बया, किती नाजूक नाचत्यात!" त्याच बायका मावशी आडावर आली की आपल्या घागरी बाजूला ओढून घ्यायच्या. मावशी तर नऊवारी नेसून नाचायची, टाचसुद्धा दिसायची नाही. फ्रान्समधल्या बाईचा नाच ती कला, आणि आमचा नाच म्हणजे विटाळ. हे मला नऊ वर्षांच्या वयातही कळलं नव्हतं आणि आता नव्वदीला टेकले तरी कळलेलं नाही. कुणाला कळलं असेल तर ग्रुपवर टाका.

आता आम्ही कुठं बसायचो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असायचा. पुढच्या बाजूला यंत्र, बाकं, खुर्च्या, आणि सगळ्यांत पुढं तुमच्या आजोबांची बाज. ते गावचे माली पाटील, वसुली त्यांच्या हातात, तंबूला जागाही त्यांनीच दिलेली. पडद्याच्या मागच्या बाजूला जमिनीवर गावकुसाबाहेरची माणसं आणि आम्ही. चित्र कापडातून आरपार मागं दिसावं म्हणून पडदा ओला ठेवावा लागे. ते काम मागच्यांचं. आम्हीच घागरी आणायच्या, आम्हीच पडदा भिजवायचा आणि त्याचं ठिबकणारं पाणी अंगावर घेत पिक्चर बघायचा. मागच्यांनी पुढं यायचं नाही. पुढचा माणूस मागं कशाला येईल? यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर आम्हालाही नाही.

मावशी नऊ दिवस रोज गेली. तिचा जीव त्या सात पायऱ्यांवर जडला होता. आमच्या खोपटाला पायऱ्या कुठल्या? तिनं सात दगड मांडले आणि सकाळपासून त्यांवर घोटायला सुरुवात केली. नऊवारीत पाय कपाळाला लावायचा आणि पदर ढळू द्यायचा नाही, हे त्या मेमला जन्मात जमलं नसतं. मला समोर बसवून ती विचारायची, "मंजे, अशीच करती न्हवं ती?" मी म्हणायची, "व्हय मावशे, अगदी तशीच." आणि होतंही अगदी तसंच. तिची नजर फार पक्की होती, एकदा पाहिलेलं ती विसरत नसे.

दहाव्या दिवशी तुमच्या आत्याच्या लग्नाची हळद होती. दुपारी मांडवात मावशीला नाचायला बोलावलं. तिनं सात पाट ओळीनं मांडले आणि ढोलकीवाल्याला सांगितलं, "आज येगळं दावते." पहिल्या पाटावर उभी राहिली आणि पाय उचलला. डावा. समोर नवरी बसलेली. बायकांच्यात एकदम कुजबूज झाली. तुमच्या आजोबांनी हात वर करून ढोलकी थांबवली.

"लग्नघरात डावा पाय? माजी लेक पुढ्यात बसली असताना?"

"मालक, ह्यो मेमचा नाच हाय," मावशी म्हणाली. "पिक्चरात डावाच हाय."

तुमचे वडील तेव्हा हैदराबादला शिकत होते, लग्नासाठी आले होते. ते हसले. "उजवा आहे. चार वेळा पाहिलाय मी. हिला काय कळतंय डावं-उजवं!"

सगळा मांडव हसला. आणि मावशी चिडली. तिचा राग वाईट, तो माझ्यात उतरला आहे. ती म्हणाली, "म्या नऊ येळा बघितलाय. आज सांजच्याला समदी मिळून बघा. चुकली असंन तर हीच घुंगरं पायातनं सोडीन आन गाव सोडून जाईन." तुमचे आजोबा म्हणाले, "बरं." त्यांनी स्वतः काही पणाला लावलं नाही. चुकीचे निघाले असते तर त्यांनी काय सोडलं असतं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी तंबूत मुंगीला वाट नव्हती. पायऱ्यांचा नाच आला. पाय वर गेला आणि पुढून आरोळी उठली, "उजवा!" त्याच क्षणी मागून आम्ही सगळे ओरडलो, "डावा!" मी घसा फोडून ओरडले. आम्हाला डावाच दिसत होता. मध्ये एक ओलं कापड, आणि दोन्हीकडून लोक आपापल्या डोळ्यांची शपथ घेत होते. पुढचे म्हणाले, मागच्यांना अक्कल नाही. आम्ही म्हणालो, पुढचे धडधडीत खोटं बोलतात. सगळं गाव तिथं होतं, बाळासाहेब. एकानंही उठून दहा पावलं चालून पडद्याची दुसरी बाजू बघितली नाही. आम्हाला पुढं येता येत नव्हतं, आणि त्यांना मागं जाण्यात कमीपणा होता.

निवाडा अर्थातच पुढच्यांचा. मावशीला पडद्याच्या कडेला बोलावलं, पुढं नाही, कडेलाच. तिनं खाली बसून एकेका पायातली घुंगरं सोडली. कुणी थांब म्हणालं नाही. ज्या बायकांना मेम नाजूक वाटत होती, त्यांच्यातली एकही नाही.

दुसऱ्या दिवशी येडशीच्या फलाटावर बाबूमियाँ आमच्या मागं धावत आला. पिक्चर चालताना तुटला की तो तुटका भाग कापून टाकायचा आणि उरलेलं जोडून घ्यायचा. तसा एक कापलेला तुकडा, वीतभर लांबीची पट्टी, त्यानं मावशीच्या हातात ठेवली. पट्टीत ती मेम होती, एक पाय वर केलेली. "माफ करो बाई," तो म्हणाला. "मेरे से नै हुआ." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्हाला वाटलं, किती मायाळू माणूस.

सोलापुरात आलो आणि आमचे शब्दच बदलले. गावात सूर्य किती कासरे वर आला त्यावरून वेळ मोजायची, इथं गिरणीच्या भोंग्यानं. चाळ, नळ, शिफ्ट, रेशन. नळावर सगळ्यांच्या घागरी एका रांगेत, कुणी बाजूला ओढत नव्हतं. भांडणं व्हायची ती नंबरावरून. मावशी विड्या वळायला लागली. घुंगरांचं गाठोडं तिनं ट्रंकेत तळाला घातलं. मला शाळेत घातलं, गावच्या शाळेनं मला ओसरीखाली उभं केलं होतं ते आठवून मी आपली दारापाशी जमिनीवर बसले. गुरुजी म्हणाले, "तिथं का? बुटकी आहेस, पुढच्या बाकावर ये." मी त्या बाकावर बसून तास संपेपर्यंत रडले. गुरुजींना वाटलं, पोट दुखतंय.

ती पट्टी मावशीनं दोऱ्यानं खिडकीत टांगली होती. एक दिवस मी खिडकीखाली पाढे पाठ करत होते. वाऱ्यानं पट्टी गोल फिरत होती. मी सहज म्हणाले, "मावशे, मेम पाय बदलतीया." मावशीनं विड्यांचं सूप खाली ठेवलं. उठली, पट्टी दोन बोटांत धरली. डावा. उलटी केली. उजवा. पुन्हा फिरवली. डावा. किती तरी वेळ ती नुसती फिरवत होती. मग भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मंजे, आपल्याला मागं बसवलं हुतं गं."

बाबूमियाँ कशाची माफी मागत होता ते मला तेव्हा कळलं. तो रोज पडद्याच्या दोन्ही बाजूंना फिरायचा. त्याला माहीत होतं. एक शब्द बोलला असता तर! पण तंबूची जागा पाटलांची, आणि लग्नघरी पाटलांच्या लेकाला खोटं पाडायचं म्हणजे तंबू उचलावा लागला असता. मला त्याचाही राग आहे. पण त्यानं निदान माफी मागितली, आणि पुरावा आमच्या हातात आणून दिला. दुसऱ्या कुणी तेवढंही केलं नाही.

मावशी त्याच आठवड्यात मला घेऊन गावी निघाली. मोटारीनं, तुळजापूरच्या रस्त्यानं. तामलवाडीच्या नाक्यावर निजामाचे लोक सामान तपासायचे. खाकीतल्या माणसानं पट्टी उन्हात धरली, हसला, उलटी करून पुन्हा पाहिली आणि परत दिली. ज्याला काही देणंघेणं नव्हतं त्यानं दोन्ही बाजूंनी पाहिलं, हे मी विसरलेले नाही.

तुमचे आजोबा अंगणात बाजेवर बसले होते. मावशी पायरीखाली उभी राहिली. वर यायला कुणी सांगितलं नाही. तिनं पट्टी पायरीवर ठेवली, आणि मग तुमच्या आजोबांनी ती उचलली. "मालक, उन्हात धरा. आता उलटी करा." त्यांनी धरली, उलटी केली. त्यांना कळलं. मी त्यांचा चेहरा बघत होते, त्यांना लख्ख कळलं होतं.

"मग?" ते म्हणाले. "आमचंच खरं की. पुढून दिसतंय ते खरं. मागं बसनाऱ्याला उलटंच दिसनार."

मावशी म्हणाली, "मग मला मागं बसवलं कुनी, मालक?"

"रीत हाय ती."

"तुमच्या रितीनं मला दावलं, तेच म्या नाचून दावलं. त्यात माजी चूक काय झाली?"

तुमच्या आजोबांनी पट्टी पायरीवर टाकली. "शब्द दिला हुतास. गाव सोडलंस. आता ह्या गावाचा आन तुजा संबंध न्हाय," म्हणाले आणि आत गेले. दार लावलं नाही, लावायचीही गरज वाटली नसावी. मावशीनं पट्टी उचलली, पदरानं पुसली. परतीच्या मोटारीत मी तिचा हात धरला होता, तो तापल्यासारखा गरम होता.

घरी आल्यावर तिनं ट्रंक उघडली. घुंगरं काढली. मी घाबरून म्हणाले, "मावशे, शब्द दिलाय तू." ती म्हणाली, "शब्द गावाला दिला हुता. गावानंच संबंध तोडला, आता शब्द कुनाला पाळू?" चाळीच्या जिन्याच्या वर माळ्यावर जाणाऱ्या बरोबर सात पायऱ्या होत्या. त्यांवरून ती डाव्या पायानं नाचत उतरली. वर गेली आणि उजव्या पायानं उतरली. चाळीतल्या बायका हातातली कामं टाकून बघत होत्या. पुढं ती तमाशाच्या थेटरात नाचायला लागली, आणि तोच तिचा नाच गाजला. आधी डावा, मग उजवा, आणि मध्ये थांबून ती पब्लिकला सांगायची, "ह्यो मागनं बघितल्याला. आन ह्यो पुढनं." लोक टाळ्या वाजवायचे, त्यांना वाटायचं काहीतरी गंमत आहे. तुम्ही ज्या नाचासाठी तिचं नाव रंगमंचाला देताय, बाळासाहेब, तो नाच हाच.

निजाम गेला, मुलूख मोकळा झाला, तामलवाडीचा नाका उठला. लोक म्हणाले, आता गावी जायला काय हरकत आहे? मावशी गेली नाही. मरेपर्यंत तिनं कधी "आमचं गाव" म्हटलं नाही, "तिकडं" म्हणायची. मी मास्तरीण झाले, निवृत्त झाले, आणि घर म्हटलं की मला तीच चाळीतली खिडकी दिसते, जिथं वाऱ्यानं पट्टी फिरायची आणि दोन्ही पाय दिसायचे. पण खोटं कशाला बोलू? ज्वारी निघाल्यावर रानाचा जो वास येतो, तो मला अजून झोपेत येतो. तुमच्या गावाचा मला एवढा राग आहे, कारण ते माझं होतं.

फोटो माझ्याकडे नाही. मावशीचा फोटो काढावा असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. पट्टी आहे, ती मी देणार नाही. तुमचा नकाशा मात्र चष्मा लावून नीट पाहिला. रंगमंचाच्या मागं पक्की विटांची भिंत दाखवली आहे. ती बांधू नका. मागची बाजू मोकळी ठेवा आणि पुढं असतील तेवढ्याच खुर्च्या मागंही मांडा. पहिल्या दिवशी मी पुढं बसेन आणि तुम्ही मागं बसा. अर्धा खेळ झाला की आपण दोघं उठून जागा बदलू. मला आता काठी लागते, पण दहा पावलं मी चालेन.

एवढं जमणार असेल तर गाडी पाठवा. जमणार नसेल तर तिचं नाव तुमच्या भिंतीवर लिहू नका. त्या गावाचा आणि तिचा संबंध नाही, हे तुमच्याच आजोबांनी तिला सांगितलं होतं, आणि मी तिथं उभी होते.